बंद खोलीतले तेरा जण: कॉलेज फुटबॉल, ऑस्कर आणि आपली माणसं

खाडीकाठ (धागाकर्ता)

जानेवारी आला की आमच्याकडे बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या) मराठी घरांत जेवताना दोन विषय हमखास निघतात, कॉलेज फुटबॉलचा शेवट आणि ऑस्करची नामांकनं. यंदा (जानेवारी २०२६) दोन्हींवर इतकी वादावादी झाली की म्हटलं, इथे सविस्तर लिहावं आणि तुमचंही ऐकावं.

इथल्या कॉलेजच्या खेळांचा प्रकार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विद्यापीठाचा फुटबॉल संघ हा अमेरिकेत मोठा धंदा आहे आणि त्यातला खरा पैसा टीव्हीच्या हक्कांचा. हे हक्क विद्यापीठं एकेकटी विकत नाहीत, कॉन्फरन्स नावाच्या गटांतून विकतात. आमचा पश्चिम किनाऱ्याचा गट पॅक-१२, त्याची मुळं १९१५ सालची. बर्कली, स्टॅनफर्ड, यूसीएलए, यूएससी, वॉशिंग्टन, ऑरेगन ही सगळी त्यातली. ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेन गटात जात असल्याचं जाहीर केलं. पुढच्या उन्हाळ्यात आधी कोलोरॅडो गेलं, मग ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी पाच विद्यापीठं बाहेर पडली. १ सप्टेंबरला बर्कली आणि स्टॅनफर्डने अटलांटिक किनाऱ्याच्या एसीसी गटाचा रस्ता धरला. मागे राहिली फक्त ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. शंभर वर्षांहून जुना गट सव्वा वर्षात मोडला.

कारण टीव्हीचाच करार. बिग टेनच्या मागे फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी उभे होते. पॅक-१२ च्या हातात शेवटी उरला तो ॲपलचा स्ट्रीमिंगचा प्रस्ताव, त्यातही मिळकत वर्गणीदार किती जमतात त्यावर. विद्यापीठांनी हिशेब केला आणि निघाली. बर्कली-स्टॅनफर्डला एसीसीत प्रवेश मिळाला तोही पहिली सात वर्षं इतरांच्या जेमतेम तीस टक्के वाटा घेण्याच्या अटीवर. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो, त्याचं निभावतं. व्हॉलीबॉल किंवा सॉकर खेळणाऱ्या मुली मात्र सामन्यांसाठी बॉस्टन, मायामीला जातात आणि तीन तासांचा वेळेचा फरक अंगावर घेऊन सोमवारी वर्गात बसतात. या मुलींना कुणी विचारलं होतं?

आता मूळ मुद्दा. २०२३ च्या डिसेंबरात फ्लोरिडा स्टेटचा संघ तेराच्या तेरा सामने जिंकून आपल्या गटाचा विजेता झाला, तरी त्याला राष्ट्रीय प्लेऑफच्या चार जागांत घेतलं नाही. त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक (चेंडू फेकून संघाचा हल्ला चालवणारा खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला होता, त्यामुळे संघ आता तेवढा दमदार राहिला नाही असं निवड समितीचं म्हणणं. एक सामना हरलेल्या अलाबामाला जागा मिळाली. तेरा सदस्यांची ही समिती टेक्सासमधल्या एका हॉटेलात बसून ठरवते. प्लेऑफ सुरू झाल्यापासून मोठ्या गटाचा अपराजित विजेता बाहेर राहण्याची ती पहिलीच वेळ.

बरोबर पुढच्या सप्टेंबरात चेन्नईत फिल्म फेडरेशनची समिती बसली, भारताकडून ऑस्करला कोणता चित्रपट पाठवायचा ते ठरवायला. तिथेही तेरा जण आणि अध्यक्ष जाह्नु बरुआ. पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' मे २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवातून ग्राँ प्री घेऊन आला होता. मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट पोचला होता तोच तीस वर्षांनी. समितीने निवडला किरण रावचा 'लापता लेडीज'. समितीच्या निर्णयाबद्दल फेडरेशनच्या अध्यक्षांनी नंतर जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की पायलचा चित्रपट भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटला. 'लापता लेडीज' पुढे शेवटच्या पंधरातही आला नाही.

दोन्ही खोल्यांत एकच गोष्ट घडली असं मला वाटतं. मैदानात किंवा पडद्यावर काय झालं ते बाजूला राहिलं आणि समोरच्याला काय भावेल याचा अंदाज बांधला गेला. मला यावर राग आहे आणि तो मी लपवत नाही. तुम्हाला काय वाटतं?

सिॲटलकर

धागा आवडला. पॅक-१२ बद्दल शब्दन् शब्द पटला. आमच्याकडे वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेटची लढत, ॲपल कप, म्हणजे घराघरातली फाळणी. आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात निम्मे जांभळे, निम्मे किरमिजी. लढत अजून होते, पण वॉशिंग्टन स्टेट जिथे आहे त्या पुलमनसारख्या छोट्या गावाचं अर्थकारण ज्या गटावर उभं होतं तो गेला. नव्या पॅक-१२ मध्ये या वर्षी बॉइजी स्टेट, सॅन डिएगो स्टेट वगैरे येत आहेत, बघू.

एका बाबतीत मात्र मतभेद. जुनी व्यवस्था चांगली होती असा सूर निघतोय, तो नको. कित्येक दशकं खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्याची मुभा नव्हती आणि प्रशिक्षक कोट्यधीश होत होते. टेक्सास ए अँड एमने २०२३ च्या नोव्हेंबरात जिम्बो फिशरला काढलं तेव्हा त्याला घरी बसवायला साडेसात कोटी डॉलरच्या वर द्यायचं कबूल केलेलं होतं. त्याच मैदानावर डोकं आपटून घेणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराला २०२१ पर्यंत स्वतःच्या सहीची जर्सी विकता येत नव्हती. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कायदा केला, जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात ९-० असा निकाल एनसीएएच्या (कॉलेज खेळांचे नियम करणाऱ्या संघटनेच्या) विरोधात दिला, आणि १ जुलै २०२१ पासून मुलांना स्वतःच्या नावावर कमावता येऊ लागलं. हा न्याय होता. गोंधळ झाला म्हणून न्याय वाईट ठरत नाही.

लेन नंबर चार

सिॲटलकर, न्याय झाला हे मान्य. तो कुणाच्या वाट्याला किती आला ते सांगते, कारण आमच्या घरात तो पोचला आहे.

६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर भरपाई, आणि पुढे प्रत्येक विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची परवानगी, पहिल्या वर्षी २.०५ कोटी डॉलरपर्यंत. खटल्याला नाव ज्याचं आहे तो ग्रँट हाउस, ॲरिझोना स्टेटचा पोहणारा. आणि बहुतेक मोठी विद्यापीठं ज्या सूत्राने पैसे वाटत आहेत ते साधारण असं: फुटबॉलला ७५ टक्के, पुरुषांच्या बास्केटबॉलला १५, महिलांच्या बास्केटबॉलला ५, आणि उरलेल्या सगळ्या खेळांना मिळून ५. लढला पोहणारा, पण पोहण्याच्या वाट्याला त्या शेवटच्या पाचातला एक तुकडा.

त्याहून वाईट म्हणजे संघाच्या आकारावर आलेली मर्यादा. आधी शिष्यवृत्त्यांना मर्यादा होती (पुरुषांच्या पोहण्याला ९.९, महिलांना १४), संघात मुलं कितीही ठेवता येत. माझी मुलगी अशीच, शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःच्या हिमतीवर संघात होती. वॉक-ऑन म्हणतात. पहाटे साडेपाचला पाण्यात उतरायची, तिथून ओल्या केसांनी आठच्या प्रयोगशाळेत. नव्या नियमाने संघ तीसवर आणायचा ठरला आणि वसंतातच प्रशिक्षकांनी एकेकाला बोलावलं. विद्यापीठाचं नाव घेत नाही, त्यांनी तेच केलं जे बऱ्याच ठिकाणी झालं. न्यायाधीशांनी नंतर अशा मुलांना मर्यादेतून वगळण्याची सोय करायला लावली खरी, पण घ्यायचं की नाही हे विद्यापीठांच्या मर्जीवर सोडलं. तिला घेतलं नाही.

तिने लॉकर रिकामा केला. टोपी, फ्लिपर, किकबोर्ड घरी आलं आणि एक पारदर्शक पिशवी, तिच्यात चार वर्षांच्या शर्यतींच्या वेळा लिहिलेली तिची वही, पानं फुगलेली. ती वही तिने मला वाचू दिलेली नाही.

आणि हे एकट्या तिचं नाही. मार्च २०२५ मध्ये कॅल पॉलीने पोहण्याचा आणि डायव्हिंगचा कार्यक्रमच बंद केला. स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत संस्थेनेही जुलै २०२० मध्ये अकरा खेळ बंद करण्याची घोषणा केली होती. माजी खेळाडूंनी आणि पालकांनी जिवाचं रान केलं, खटले झाले, तेव्हा कुठे मे २०२१ मध्ये त्यांनी निर्णय मागे घेतला. म्हणजे ओरडल्यावर ऐकलं जातं, एवढं मला त्यातून कळलं आहे.

मैदानी

लेन नंबर चार, तुमच्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

आपल्याकडून शिकायला येणाऱ्या खेळाडूंबद्दल एक गोष्ट इथे यायला हवी. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठात होता, २००७ आणि २००८ अशी सलग दोन वर्षं एकेरीत राष्ट्रीय कॉलेज विजेता. तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटला, उंच उडीत २०१८ आणि २०२२ मध्ये विजेता, त्याच २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य. भारतात अशी उडी शिकायला, सराव करायला आणि शेजारी पदवीही घ्यायला जागा कुठे आहे? हाच तो रस्ता. हे दोघंही ज्या खेळांत आले ते टीव्हीला पैसा देणारे खेळ नाहीत. खर्चाला कात्री लागली की पहिली तीच गळतात.

दुसरं, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावरच्या मुलांना कामावर जी बंधनं आहेत त्यामुळे हे नवे पैसे घेताना त्यांचे हात बांधलेले. शेजारच्या लेनमधला अमेरिकी मुलगा करार करतो, हा परत जायच्या भीतीने वकिलाला विचारत बसतो. भाच्याला प्रवेश घ्यायचा होता तेव्हा आम्ही ऑफिसात जाऊन हेच विचारलं, स्पष्ट उत्तर कुणाकडेच नव्हतं.

प्रोजेक्टर

मी ऑस्करकडे येतो, कारण खेळातलं मला कमी कळतं. पुण्यातून लिहितोय.

धागाकर्त्यांनी 'ऑल वी इमॅजिन'बद्दल लिहिलं त्यात एक गोष्ट राहिली. छाया कदम. या बाई दोन्ही चित्रपटांत आहेत! 'लापता लेडीज'मध्ये स्टेशनावर चहाची टपरी चालवणारी मंजू माई, आणि पायलच्या चित्रपटात पार्वती, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात राबणारी, बिल्डर जिचं घर पाडायला निघालाय आणि जिच्याकडे त्या घराचा एक कागद नाही. रात्री ती आणि हॉस्पिटलमधली नर्स प्रभा बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात, तो प्रसंग आठवा. मग ती कोकणात गावी परत जाते. मुंबईत गिरणगावातून उठवलेल्या किती बायकांची ही गोष्ट आहे. याला युरोपीय कोण म्हणतं? ज्याने लालबाग-परळ पाहिलं आहे त्याला तरी असं वाटणार नाही.

नियमाबद्दल थोडं. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात त्या वेळी एका देशाचा एकच चित्रपट आणि तो त्या देशाच्या संस्थेने पाठवायचा, असं होतं. दिग्दर्शकाला थेट दार ठोठावता येत नव्हतं. सगळी गोम तिथे होती. पायलचा चित्रपट फ्रान्सच्याही शेवटच्या चारांत होता, कारण निर्मितीत फ्रेंच पैसा होता. फ्रान्सने 'एमिलिया पेरेझ' पाठवला. त्याला तेरा नामांकनं मिळाली, मग नायिकेची जुनी ट्विट बाहेर आली आणि वारं फिरलं. त्या विभागाचं ऑस्कर शेवटी ब्राझीलला गेलं.

आपल्याकडून आजवर शेवटच्या पाचांत पोचलेत फक्त तीन: मदर इंडिया, सलाम बॉम्बे आणि लगान. लगानचे आशुतोष गोवारीकर आपलेच.

जुना प्रेक्षक

मराठीतून तीन गेले आहेत हेही नोंदवून ठेवू या. 'श्वास' २००४ ला, 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' २००९ ला, 'कोर्ट' २०१५ ला. 'श्वास'च्या वेळचं वातावरण मला लख्ख आठवतं. संदीप सावंतांकडे लॉस एंजेलिसला चित्रपट दाखवण्याइतके पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. शाळेतल्या पोरांनी खाऊचे पैसे दिले, नाटकवाल्यांनी प्रयोगाचं उत्पन्न दिलं. एका छोट्या मुलाची दृष्टी जाणार आहे आणि त्याचा आजोबा त्याला शेवटचं जग दाखवायला नेतो, एवढ्या गोष्टीसाठी महाराष्ट्र उभा राहिला. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ त्याच चित्रपटाने आणलं. ऑस्करला तो पुढे गेला नाही, तरी त्या वर्षानंतर मराठी चित्रपटाला पुन्हा निर्माते मिळू लागले हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

करवीर

कोल्हापूरचं नाव राहिलं. भारताचं पहिलं ऑस्कर भानू अथय्यांचं, 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी, १९८३ च्या सोहळ्यात. आमच्या कोल्हापूरच्या. २०१२ मध्ये त्यांनी ती बाहुली ॲकॅडमीकडे परत दिली, आपल्या मागे ती नीट सांभाळली जाईल याची इथे खात्री वाटेना म्हणून. आपण पुरस्कार मिळाला नाही म्हणून चिडतो, मिळालेला सांभाळायला आपल्याकडे जागा नव्हती याचं दुःख मला जास्त आहे.

सिॲटलकर

करवीर, हे वाचून अंगावर काटा आला.

प्रोजेक्टर, यंदाचं सांगा की. 'होमबाउंड'चं काय झालं? आमच्याकडे थिएटरात दोनच खेळ लागले आणि कामामुळे हुकला.

प्रोजेक्टर

'होमबाउंड' डिसेंबरात शेवटच्या पंधरांत आला, गेल्या आठवड्यात पाचांत नव्हता. नीरज घायवानचा चित्रपट, कानला दाखवलेला, कार्यकारी निर्माता म्हणून मार्टिन स्कॉर्सेसीचं नाव. करोनाच्या टाळेबंदीत गावाकडे चालत निघालेले दोन मित्र, एक दलित, एक मुसलमान. मी दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा शेजारच्या रांगेतल्या एका गृहस्थांना रडू आवरेना. मिळेल तिथे पाहा. माझ्या मते तो पाचांत असायला हवा होता, पण यंदाची यादी जबरदस्त आहे. 'इट वॉज जस्ट ॲन ॲक्सिडेंट', 'द सीक्रेट एजंट', 'सेंटिमेंटल व्हॅल्यू', 'सिरात' आणि गाझातल्या एका चिमुरड्या मुलीवरचा 'द व्हॉइस ऑफ हिंद रजब'. यातला कुठला काढून आपला घालू, असं विचारलंत तर मला सांगता येणार नाही.

एक चांगलं झालं. ॲकॅडमीने यंदापासून नियम केला की अंतिम फेरीत मत द्यायचं तर त्या विभागातले सगळे चित्रपट पाहिलेले असले पाहिजेत. इतकी वर्षं सगळ्या विभागांना हे नव्हतं! 'सिनर्स'ला १६ नामांकनं मिळाली, इतिहासात सर्वांत जास्त. त्यामुळे चर्चा सगळी तिकडे. आणि २०२९ पासून सोहळा यूट्यूबवर जाणार आहे, टीव्ही वाहिनीवर नाही. म्हणजे तुमच्या पॅक-१२ सारखंच, प्रक्षेपणाचं गणित बदललं की घर बदलतं.

मैदानी

पण मग फेडरेशनची वाट न बघता जाता येतं ना? 'आरआरआर' कुणीच पाठवला नव्हता. अमेरिकेतल्या वितरकांनी तो गावोगावी पुन्हा पुन्हा लावला, लोक थिएटरात नाचले, आणि मार्च २०२३ मध्ये गाण्याचं ऑस्कर मिळालं.

प्रोजेक्टर

जाता येतं, पण बाकीच्या विभागांत, आणि त्यासाठी तिथे प्रदर्शन हवं, प्रचाराला पैसा हवा. रोहन कानवडेच्या 'साबर बोंडं'ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. मराठी चित्रपटाला! वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी आलेला मुंबईचा मुलगा आणि त्याचा बालपणीचा मित्र, इतकं हळुवार मराठीत मी कधी पाहिलं नव्हतं. आपल्याकडे सप्टेंबरात लागला तेव्हा माझ्या खेळाला मोजकी माणसं होती. 'आरआरआर'ची ताकद त्याच्यामागे कोण लावणार? ते मुलीच्या पोहण्याचं जे वाचलं, तेच इथे आहे.

खाडीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. सिॲटलकर, जुनी व्यवस्था परत यावी असं मी म्हणत नाही. मुलांना पैसे मिळायलाच हवेत. आमच्या बर्कलीचंच उदाहरण घ्या. फर्नांडो मेंडोसा आमचा क्वार्टरबॅक, २०२४ चा हंगाम खेळून इंडियानाला गेला. डिसेंबरात त्याने हाइझमन (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जिंकला आणि या महिन्यात इंडियानाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. इंडियाना, जे इतकी वर्षं हरण्यासाठी ओळखलं जायचं! मला वाईट वाटलं, पण त्याच्यावर राग नाही. त्याला जाण्याचं स्वातंत्र्य आहे, तेच प्रशिक्षकांना कायम होतं. प्रशिक्षक लेन किफिन तर संघ प्लेऑफला निघालेला असताना ओल मिस सोडून एलएसयूला गेला.

माझं म्हणणं दोनच गोष्टींपुरतं आहे. समिती कुठलीही असो, निवडीची कारणं लिखित आणि उघड असावीत, कोण कुणाच्या बाजूने होतं यासकट. फ्लोरिडा स्टेटच्या मुलांना आणि पायलला ती वाचायला मिळायला हवी होती. आणि टीव्हीच्या पैशातला ठरावीक हिस्सा कायद्याने छोट्या खेळांना बांधून द्यावा. पॅरिसला चार वैयक्तिक सुवर्णपदकं घेणारा लिओं मारशाँ ॲरिझोना स्टेटच्या तलावात घडला, त्याच तलावात जिथून ग्रँट हाउस आला. त्या विद्यापीठाच्या मुलांनी २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. असा तलाव फुटबॉलच्या हिशेबावर कसा सोडता येईल?

सिॲटलकर

हिस्सा बांधून देण्याला पाठिंबा. महिला खेळाडूंनी भरपाईच्या वाटणीविरुद्ध अपील केलंय, समान संधीच्या कायद्याखाली. त्याच्या निकालाकडे लक्ष ठेवू या.

मतांची नावं उघड करण्याला मात्र विरोध. नावं छापली तर माणसं दबावाखाली मत देतील. कारणं उघड करा, नावं नको.

जुना प्रेक्षक

मी सिॲटलकरांच्या बाजूने. आपल्याकडे तर नावं कळली की फोन सुरू होतात.

लेन नंबर चार

खाडीकाठ, तुम्ही बर्कलीजवळ असाल तर एक विनंती. फेब्रुवारीत बर्कली आणि स्टॅनफर्डची पोहण्याची लढत असते. फुटबॉलला साठ हजारांच्या मैदानात गर्दी करणारे आपले लोक तिथे दिसत नाहीत, गॅलरीत बहुतेक आईबापच असतात. जमतील तेवढे मराठी लोक घेऊन या. खेळ बंद करायचा ठरतो तेव्हा प्रेक्षक किती येतात हेही बघितलं जातं. मी मुलीला घेऊन येणार आहे. ती अजून हो म्हणालेली नाही.

खाडीकाठ (धागाकर्ता)

येतो. तारीख पक्की झाली की इथेच टाकतो. ज्यांना गाडीत जागा हवी त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फ्रीमाँटहून निघणार आहोत.

मैदानी

मी सॅन होजेहून येईन. भाच्यालाही आणतो, त्याला प्रशिक्षकांशी बोलायचंच आहे.